प्लॅन वाढवला, कर्सर जागचा हलला नाही

"खेड्यातलं नेट आहे भाऊ, असंच चालणार. प्लॅन मोठा घ्या." दसरा उलटला, बोदवडच्या जिनिंगांसमोर कापसाच्या गाड्या लागायला लागल्या, की हा सल्लाही सुरू होतो. कनेक्शन विकणारा देतो, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा देतो, पुण्याहून फोनवर बोलणारा सॉफ्टवेअरवाला तर तक्रार पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच देतो. आता शेठलोकही तेच म्हणू लागले आहेत. पन्नासचा प्लॅन शंभरचा होतो, शंभरचा दोनशेचा होतो, आणि दिवाणजीचा कर्सर होता तिथेच अडकून राहतो. मग दिवाणजीच शेठला सांगतो, "नेटच चालू नही राह्यलं भो." या सल्ल्यात दोन विधानं आहेत. रिमोट डेस्कटॉप मंद चालतो तो गाव लहान म्हणून, हे एक. जास्त एमबीपीएस विकत घेतले की तो पळेल, हे दुसरं. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं तर पैसे खर्च करायला लावणारं चूक आहे.

आधी मांडणी सांगतो, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोडे ती विचारतात. कारखाना बोदवडला, मालकाचं ऑफिस जळगावला, हिशेबाचा सर्व्हर त्या ऑफिसात. बोदवडचा दिवाणजी रिमोट डेस्कटॉप उघडून जळगावच्या सर्व्हरवर बसतो. टॅली चालते जळगावला, इथे दिसतं ते तिचं चित्र. काट्यावर कापसाची गाडी आली की पावती, शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव हे सगळं त्या चित्रात भरायचं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा, ही उलट आकारणी १५ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, म्हणजे खरेदीची नोंद वेळच्या वेळी पडणं जिनिंगवाल्याची गरज झाली. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागलं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागलं. १७० किलोच्या शंभर गाठी भरलेला ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर सावली शोधतोय, आणि आत पडद्यावर गोल फिरतोय. या मंदपणाची किंमत अशी रोज मोजली जाते.

काही जण विचारतात, एवढा खटाटोप कशाला? टॅली बोदवडच्या मशीनवर चालवा, फक्त डेटाचं फोल्डर जळगावला ठेवा. हा प्रयोग ज्याने केला तो सहसा दुसऱ्यांदा करत नाही. टॅली आपला डेटा फायलींतून लहान लहान तुकड्यांत वाचते, आणि दर तुकड्यासाठी एक फेरी मारावी लागते. समजा एका अहवालाला अशा दोन हजार फेऱ्या लागल्या. एकाच इमारतीत एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे काम सेकंदात संपतं. बोदवड-जळगाव फेरी ४० मिलिसेकंदांची धरली, तर तोच अहवाल ८० सेकंद घेतो. लाइन दोनशेची असो की पाचशेची, फेऱ्यांचा हिशेब तोच राहतो. रिमोट डेस्कटॉप हा त्याच दुखण्यावरचा उपाय आहे: प्रोग्राम डेटाशेजारी बसवायचा आणि लांबून फक्त कळा आणि चित्र यांची ने-आण करायची.

आता या ने-आणीला लागतं किती? मायक्रोसॉफ्टचंच मार्गदर्शन आहे: नुसती माहिती भरणाऱ्या माणसाला साधारण दीड एमबीपीएस, नेहमीचं ऑफिसकाम करणाऱ्याला तीन. टॅलीचा पडदा म्हणजे पांढऱ्या-पिवळ्या पार्श्वभूमीवरचे आकडे, त्यात सिनेमा नाही. आणि रिमोट डेस्कटॉप दर वेळी अख्खा पडदा पाठवतही नाही. बदललेला भाग तेवढा दाबून, लहान करून पाठवतो. बोदवडला मिळणारा स्वस्तातला स्वस्त फायबर प्लॅनही या गरजेच्या कितीतरी पट आहे. तीन लागतात तिथे तीस आहेत. त्यांचे तीनशे केल्याने काय सुटणार?

शिवाय प्लॅन कुठे वाढवतात पाहा. बोदवडला. का, तर तक्रार बोदवडहून आली. चित्र मात्र जळगावहून निघतं. ते जळगावच्या ऑफिसच्या अपलोडमधून बाहेर पडतं आणि बोदवडच्या डाउनलोडमधून आत येतं. बोदवडचं डाउनलोड मोकळंच पडलेलं असतं. जळगावचं अपलोड कोणी पाहिलेलं नसतं. तिथे त्याच लाइनवर आठ सीसीटीव्ही कॅमेरे चोवीस तास ढगात चित्रं चढवत असतात, कोणाचा तरी लॅपटॉप फोटोंचा बॅकअप घेत असतो, आणि उरलेल्या जागेत बोदवड, जामनेर, मलकापूरचे दिवाणजी आपापला पडदा ओढत असतात. घरगुती प्लॅनमध्ये अपलोड बरेचदा डाउनलोडपेक्षा कमी असतं, आणि जाहिरातीच्या मोठ्या आकड्यात ते नसतंच. सरकारी व्याख्याही त्याच वळणाची आहे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस डाउनलोडला ब्रॉडबँड म्हटलं गेलं, २०२३ मध्ये ती मर्यादा २ एमबीपीएस झाली. दोन्ही वेळा मोजलं ते खाली येणारं. वर जाणाऱ्याला व्याख्येत जागाच नाही.

इथे विरोधकांचा हुकमी पुरावा येतो: स्पीड टेस्ट. "हे बघा, शंभर दाखवतंय, आता सर्व्हरमध्येच खोट असेल." स्पीड टेस्ट खोटं बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, जवळात जवळचा, पुष्कळदा कंपनीच्याच जाळ्यातला सर्व्हर निवडते, आणि काही सेकंद लाइन तुडुंब भरून बघते. तिच्यावरचा पिंगचा ठळक आकडा सहसा लाइन रिकामी असतानाचा. दिवाणजीचं काम बरोबर उलटं आहे: एकच जोडणी, दूरचा सर्व्हर, दिवसभर थोडं थोडं, आणि तेही बाकीच्यांनी लाइन भरलेली असताना. त्याला महत्त्वाचं एकच, कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ गेला. आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं, की कळ दाबल्यावर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात प्रतिसाद दिसला पाहिजे. त्यापलीकडे गेलं की माणूस "उमटलंच नाही" समजून पुन्हा दाबतो. दिवाणजीच्या बाबतीत पुन्हा दाबणं म्हणजे ४२ क्विंटलचे ४२२ होणं. मग मागे येऊन खोडणं, तेही उशिराच. मंद रिमोट डेस्कटॉपवर हिशेब चुकतात ते असे, आणि बोल लागतो दिवाणजीला.

आता अंतराचा मुद्दा. "बोदवड लांब पडतं ना." कशापासून? जळगाव इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जळगावला जाऊन परत यायला अर्धा मिलिसेकंद पुरतो. खरी वाट एवढी सरळ नसते, हे मान्य. बोदवडची लाइन एका कंपनीची आणि जळगावची दुसरीची असेल, तर दोघींची गाठ बहुधा मुंबईतल्या एक्स्चेंजवर पडते. बोदवडचं पॅकेट जळगावला जायला मुंबईमार्गे जातं. ऐकायला हे भयंकर वाटतं, आणि गैरसोयीचं आहेच. पण हिशेब करा. रेल्वेच्या अंतराने बोदवड-मुंबई साधारण पावणेपाचशे किलोमीटर, मुंबई-जळगाव सव्वाचारशेच्या आसपास. जाऊन-येऊन अठराशे धरा. प्रकाशाला त्याचे नऊ मिलिसेकंद. तंतू वळणावळणाने गेला, मधल्या यंत्रांनी आपला वाटा घेतला, तरी तीस-चाळीसवर भागायला हवं. मायक्रोसॉफ्ट आपल्या क्लाउड डेस्कटॉपसाठी दीडशेच्या आतली फेरी ठीक मानतं. मग दिवाणजीला चारशे, सातशे, कधी हजाराच्या वर मिलिसेकंद दिसतात ते कुठून येतात? अंतरातून खासच येत नाहीत.

आणि ज्या गावाला आडवळणी ठरवलं जातं ते मुंबई-नागपूर-हावडा मुख्य लोहमार्गावरचं स्टेशन आहे. रेल्वेच्या कडेने देशभर तंतू टाकण्यासाठी २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी निघाली. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. त्या योजनेच्या रखडण्यावर वेगळा लेख होईल. मला एवढंच म्हणायचं आहे, की "खेडं आहे" हे निदान नव्हे. ज्याला तपासायचं नाही त्याच्या ते सोयीचं आहे, इतकंच.

वेळ खाते ती रांग. नोव्हेंबरातल्या चांगल्या दिवशी जिनिंगच्या काट्यावर काय होतं ते बोदवडकराला सांगायला नको. काटा मिनिटाला ठरावीक गाड्या घेतो. आवक वाढली की गाड्या रस्त्यावर लागतात. मग रुग्णाला घेऊन आलेली एखादी जीप त्याच रांगेत सापडली तर तिलाही ट्रॅक्टरांच्या मागेच थांबावं लागतं. तिचं वजन करायचंच नसतं, पण वाट एकच. राउटरमध्ये हेच घडतं. कॅमेऱ्यांची जड पॅकेटं आधी येऊन बसलेली, आणि दिवाणजीच्या पडद्याचं चिमुकलं पॅकेट त्यांच्या मागे. राउटर बनवणाऱ्यांनी पॅकेट फेकायला नको म्हणून ही थांबायची जागा मोठी ठेवली. समजा ती एक मेगाबाइटची आहे आणि अपलोड पाच एमबीपीएसचं. भरलेली रांग रिकामी व्हायला एक पूर्णांक सहा दशांश सेकंद लागतात. तेवढा वेळ अक्षर उमटत नाही. स्पीड टेस्ट मात्र खूश असते, कारण काटा एक क्षणही रिकामा नाही.

जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाला बफरब्लोट म्हणून जगासमोर ठेवलं, तेही स्वतःच्या घरातल्या लाइनवर तो सापडल्यावर. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग शहाणपणाने हाकणारी पद्धत दिली. तिच्यातून निघालेली एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली. ती फुकट आहे. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या साध्या राउटरवरही मिळते. तिची गंमत अशी, की ती नीट चालायला तुम्ही लाइनचा वेग स्वतःहून थोडा कमी सांगायचा: पाचचं अपलोड असेल तर साडेचार. म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरात लागते, आणि तिथे लहान पॅकेटाला आधी वाट मिळते. प्लॅन मोठा करा म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. दहा टक्के वेग सोडून दिल्यावर कर्सर पळायला लागतो. वेग हेच औषध असतं तर असं झालं नसतं.

दुसरा चोर गळतीचा. पॅकेट वाटेत हरवलं की टीसीपी, म्हणजे पॅकेटांची ने-आण सांभाळणारी पद्धत, ते पुन्हा मागते आणि वर आपली चालही मंद करते. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं सोपं सूत्र दिलं. फेरी ५० मिलिसेकंदांची आणि गळती एक टक्का असेल, तर जुन्या वळणाच्या टीसीपीच्या एका जोडणीला सुमारे अडीच-तीन एमबीपीएसच मिळतात. लाइन शंभरची असो वा हजाराची. सूत्रात लाइनच्या रुंदीला जागाच नाही. शंभरात एक पॅकेट हरवणं म्हणजे किती क्षुल्लक, असं वाटतं. पण तेवढ्याने शंभराचे तीन होतात.

गळती होते कुठे? बहुतेक वेळा शेवटच्या शंभर मीटरांत. ऑफिसात राउटर, काट्याच्या खोलीत कॉम्प्युटर, मध्ये पत्र्याची शेड, आणि जोडणी वायफायची. तेही २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे एकमेकांना न भिडणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. शेजारच्या जिनिंगचा राउटर, वरच्या मजल्यावरचा राउटर, वायफाय कॅमेरे, सगळे त्याच तीनांवर. इथे एक साधी लॅन केबल ओढली तर जो फरक पडतो तो कुठल्याही प्लॅनने पडत नाही, आणि ती शंभर मीटरपर्यंत चालते. मग बाहेरचा तंतू. जेसीबीने तुटला, घाईत जोडला, जोड कच्चा राहिला, प्रकाश कमी पोचू लागला. कंपनीने दिलेल्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. नेहमीच्या जीपॉन लाइनवर तो उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की चुका सुरू होतात. तंत्रज्ञ येतो, हिरवा दिवा बघतो आणि जातो. हिरव्या दिव्याला हा आकडा माहीत नसतो.

याच जागी रिमोट डेस्कटॉपची स्वतःची एक मांडणी कामी येते. २०१२ मध्ये, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर, मायक्रोसॉफ्टने त्याला टीसीपीच्या जोडीला यूडीपीची वाट दिली. गळती असलेल्या लाइनवर ती पुष्कळ बरी, कारण एक हरवलेला तुकडा मागच्या सगळ्यांना अडवून धरत नाही. पण आपल्याकडे बसवणारा राउटरमध्ये ३३८९ पोर्टचा टीसीपी तेवढा उघडतो आणि निघून जातो. यूडीपी बंदच. जिथे व्हीपीएन आहे तिथे तोही टीसीपीवर चालणारा, म्हणजे हरवलेलं पॅकेट दोन थर एकदम मागायला लागतात आणि दोघेही एकमेकांची वाट पाहतात. वायरगार्डसारखा यूडीपीवरचा व्हीपीएन घेतला तर हे टळतं. कधी जोडणी लागते, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी पॅकेटचा आकार तपासावा: पीपीपीओई लाइनवर १५०० ऐवजी १४९२ बाइट मावतात, व्हीपीएनने आणखी थोडे खाल्लेले असतात, आणि मोठी पॅकेटं वाटेतच गडप होतात. यातली एकही गोष्ट प्लॅनच्या पावतीवर सापडणार नाही.

विरोधकांना त्यांचं माप द्यायला हवं. प्लॅन खरोखर अपुरा पडतो अशा जागा आहेत. जळगावला जुनी तांब्याची लाइन असेल, अपलोड एमबीपीएसच्या आतलं असेल आणि तिच्यावर सहा-सात जण बसत असतील, तर तिथे फायबर घ्याच. बोदवडच्या प्रिंटरवर जळगावहून छापायचं असेल, तर साधी पावतीही छापखान्याच्या पानासारखी फुगून येते आणि तेवढा वेळ लाइन अडवते. स्कॅन केलेली कागदपत्रं, फोटो, आराखडे पाहायचे असतील तर दीड एमबीपीएस पुरणार नाही. पण हे मोजून कळतं. मोजल्यावर प्लॅन वाढवणाऱ्याशी माझं भांडण नाही.

दुसरा गट म्हणतो, दोष सर्व्हरचा, रॅम वाढवा. इथे निम्मं खरं आहे. सर्व्हर मंद असू शकतो, पण रॅमनेच असं कोणी ठरवलं? जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे इकडच्या-तिकडच्या नोंदी वाचू शकते. दहा जणांची टॅली एकाच वेळी तिच्यावर बसली, वरून अँटिव्हायरस दर फाइल उघडताना तपासतोय, तर रॅम दुप्पट करून काय होणार? एसएसडी टाका. आणि एक कारण, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. ३३८९ पोर्ट जगाला उघडा ठेवलेला सर्व्हर रात्रंदिवस अनोळखी यंत्रांचे पासवर्ड-प्रयत्न सोसत असतो. विंडोजच्या सुरक्षा नोंदीत ४६२५ क्रमांकाच्या ओळींचा ढीग पाहा: दर ओळ म्हणजे एक फसलेला प्रयत्न, आणि दर प्रयत्नाला सर्व्हर थोडं काम करतो. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट उघडी पडली, तिच्यात तर पासवर्डही लागत नव्हता. "सर्व्हर सकाळपासून जड झालाय" या तक्रारीमागे काही वेळा दाराशी उभी असलेली ही गर्दी असते. पोर्ट बंद करून व्हीपीएनच्या आत घेतला की चोरही जातो आणि जडपणाही. हे सांगणाऱ्याला विकायला काही नसतं, म्हणून बहुधा सांगितलं जात नाही. तीच गोष्ट साध्या विंडोज १० वर कसलासा पॅच टाकून पाच जण बसवणाऱ्यांची: परवाना एका माणसाचा, अपेक्षा सर्व्हरची, आणि अपडेट आलं की सगळं कोलमडतं. त्याचाही बोल नेटलाच.

तिसरा गट सगळ्यात आधुनिक. "रिमोट डेस्कटॉप जुनं झालं. सगळं क्लाउडवर टाका." जुनं आहेच, मायक्रोसॉफ्टने ते १९९८ मध्ये एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणलं, तेही सिट्रिक्सच्या तंत्रावर. पण "टॅली ऑन क्लाउड" म्हणून महिन्याच्या भाड्याने जे मिळतं ते उघडून पाहा. मुंबईतल्या किंवा आणखी कुठल्या डेटा सेंटरमधल्या विंडोज सर्व्हरवर टॅली, आणि तिच्यापर्यंत जायला रिमोट डेस्कटॉप. तोच ३३८९, किंवा वर ब्राउझरची झूल चढवलेली. जळगावच्या अपलोडची कटकट यात जाते, हा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण बोदवडच्या पत्र्याच्या शेडमधलं वायफाय, कच्चा जोड, तुमच्याकडची रांग, हे सगळं जागेवरच राहतं. ढग कितीही मोठा असो, शेवटचे शंभर मीटर तुमचेच. पब्लिक आयपी मिळत नाही म्हणून एनीडेस्कसारखी साधनं वापरणाऱ्यांनाही हेच लागू. थेट जोडणी जमली तर ठीक. नाही जमली तर चित्र मधल्या रिले सर्व्हरमार्गे फिरतं, आणि तो रिले कुठे आहे हे वापरणाऱ्याला विचारलं जात नाही.

आता दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे वळू, कारण सगळा दोष दुकानदारांवर टाकणं बरोबर नाही. २००६ च्या ट्रायच्या नियमांत फेरीसाठी १२० मिलिसेकंदांच्या आत आणि गळतीसाठी एक टक्क्याच्या आत असे निकष होते. पण मोजायचं कुठून, तर कंपनीच्या केंद्रापासून पुढे. ग्राहकाच्या टेबलापासून केंद्रापर्यंतचा तुकडा, म्हणजे जिथे रोग बहुधा असतो तोच, मापाच्या बाहेर. २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम केले, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. त्यांतही फेरीच्या वेळेचे (लेटन्सी) आणि पॅकेट गळतीचे निकष आहेत. पण बोदवडला कनेक्शन घेताना ग्राहकाच्या हातात जो कागद पडतो त्यावर अजूनही एकच मोठा आकडा असतो, डाउनलोडचा. कंपन्यांना हे ठाऊक नाही असं थोडंच आहे! मोठा आकडा विकणं सोपं. दुपारी बारा वाजता फेरी किती मिलिसेकंदांची राहील हे लिहून देणं अवघड.

"हे सगळं ठीक, पण मोजणार कोण? दिवाणजी काय इंजिनिअर आहे?" शेवटचा आक्षेप हा, आणि त्यातला तुच्छतेचा सूर मला मुळीच मान्य नाही. जो माणूस काट्याच्या पावतीवरून पल्ला, खंडी आणि उताऱ्याचा टक्का तोंडी काढतो त्याला तीन आकडे लिहून ठेवता येणार नाहीत? काळी खिडकी उघडायची आणि तीन ठिकाणी पिंग चालू ठेवायचं: आपला राउटर, कंपनीचा पहिला टप्पा, आणि जळगावचा सर्व्हर. सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आधी एकदा, आणि दुपारी काटा जोरात असताना एकदा. आपल्या राउटरपर्यंतच पन्नास मिलिसेकंद किंवा गळती दिसली, तर वायफाय. कंपनीला फोन करायचं कारण नाही. राउटर स्वच्छ, पण पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत गळती टिकते, तर तंतू किंवा त्याचा जोड. मधल्याच एखाद्या टप्प्यावर उत्तर येत नाही पण शेवटचं ठिकाण ठीक आहे, तर घाबरू नये. मधली यंत्रं पिंगला उत्तर द्यायला आळस करतात. सकाळी तीस आणि दुपारी सहाशे, तर रांग; मग जळगावला फोन करून कॅमेऱ्यांचं अपलोड अर्धा तास बंद करायला सांगायचं आणि आकडा पुन्हा पाहायचा. तिन्ही ठिकाणचे आकडे ठीक आणि तरी टॅली अडकते, तर सर्व्हर. तिथे विंडोज सर्व्हर २०१९ पासून इनपुटला किती उशीर होतो हे दाखवणारा मापकच दिलेला आहे, आणि रिमोटएफएक्स नेटवर्क या नावाखाली फेरी आणि गळतीही दिसते. जळगावच्या संगणकवाल्याने तो उघडून एकदा दाखवावा.

हे आकडे वहीत मांडून कनेक्शनवाल्याला बोलवा. तो पुन्हा म्हणेल, भाऊ, प्लॅन मोठा घ्या. म्हणू द्या. त्याला एवढंच सांगा, की मोठा प्लॅन घेतल्यावर दुपारचा सहाशेचा आकडा किती होईल ते पावतीच्या मागे लिहून सही कर. लिहून द्यायला तयार असेल, तर प्लॅन जरूर घ्या.